सांडपाणी, मलजल आणि पातमुख : अर्थ व वापर

प्रश्न : मुंबईच्या सागरी प्रदूषणाविषयी लिहिताना ‘सांडपाणी’ आणि ‘मलजल’ हे शब्द समानार्थी मानावेत का? ‘पातमुख’ म्हणजे नेमके काय?

उत्तर : समानार्थी मानू नयेत. सांडपाणी म्हणजे मुळात धुण्याभांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी, जे कोकणात मोरीमागच्या अळूला व केळीला सोडतात. त्यात मैला मिसळला की ते मलजल होते. आता सांडपाणी हा शब्द दोन्हींसाठी, आणि ‘औद्योगिक’ हे विशेषण लावून कारखान्यांच्या रसायनयुक्त पाण्यासाठीही रूढ झाला आहे. त्याला चूक म्हणण्यात हशील नाही. मात्र समुद्रातील बहुतांश प्रदूषण जमिनीवरून येते आणि ते कोणत्या वाटेने येते यावर उपाय अवलंबून असतो, तेव्हा एवढा ऐसपैस शब्द पुरत नाही.

मुंबईत या वाटा दोन आहेत. मलवाहिन्यांतील मलजल उदंचन केंद्रांमार्फत, म्हणजे पंपाने उपसून पुढे ढकलणाऱ्या केंद्रांमार्फत, प्रक्रिया केंद्रांत जाते. वरळी व वांद्रे येथून ते समुद्रतळाखालील बोगद्यांतून ३ किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडतात. दुसरी वाट पर्जन्य जलवाहिन्यांची आणि नाल्यांची. तिच्यातून नावाप्रमाणे केवळ पावसाचे पाणी जावे. परंतु मलवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांतील मैला, गोठ्यांतील शेण, लहान कारखान्यांचे तेल आणि प्लास्टिक हे सारे तिच्यातूनच वाहते. एप्रिल-मे महिन्यांत, पावसाचा थेंब नसताना, नाला वाहताना दिसला तर ते पाणी कोणते हे वेगळे सांगायला नको. या वाहिन्या समुद्राला किंवा खाडीला जेथे मिळतात ते तोंड म्हणजे पातमुख. ‘मिठी नाला’ हा प्रयोग मात्र टाळावा : विहार व पवई तलावांकडून माहीमच्या खाडीपर्यंत येणारी ती नदी आहे.

पुरवणी प्रश्न : या शब्दांच्या यादीत ‘तवंग’ही घ्यावा. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली, तेव्हा हाच शब्द सर्वत्र वापरला गेला. तवंग म्हणजे पाण्यावरील पातळ थर. खारफुटीच्या मुळांवर बसणाऱ्या जाड, चिकट तेलाला तो लागू पडत नाही, तेथे ‘लेप’ बरा. तसेच पावसाळ्यात जुहूच्या वाळूत चपलेला चिकटतात त्या काळ्या गोळ्यांना ‘डांबरगोळे’ म्हटल्याने ते रस्त्याच्या कामातून आले असावेत असे वाटते. वास्तविक समुद्रात सांडलेले तेल ऊन, वारा आणि लाटा यांनी घट्ट होऊन ते बनतात. त्यांना ‘तेलगोळे’ म्हणण्यास कोणाची हरकत आहे काय?

उत्तर : नाही. कंसात एकदा ‘डांबरगोळे’ द्यावे, म्हणजे जुन्या बातम्यांशी सांधा जुळेल.