एचडी १८९७३३ बी: निळा रंग खरा, पण काचेचा पाऊस?

रंगपेटी: भाचीसाठी या ग्रहाचं मोठं चित्र काढतेय. जिथे वाचावं तिथे तेच वर्णन: गर्द निळा ग्रह आणि आडवा कोसळणारा काचेचा पाऊस. यातलं मोजलेलं किती आणि मनाने रचलेलं किती? तिला काही चुकीचं सांगायचं नाहीये.

लुब्धक: ताई, निळा रंग मोजलेला आहे, आणि तो कसा मोजला हे भाचीला जरूर सांगा. हा ग्रह ताऱ्यापासून वेगळा असा दिसतच नाही, पण दर २.२ दिवसांनी तो ताऱ्याच्या मागे जातो. हबल दुर्बिणीने तो दडण्याआधीचा आणि दडल्यावरचा उजेड रंगवार तपासला. निळ्यात उजेड किंचित घटला, हिरव्यात तशी घट सापडली नाही. जेवढा घटला तेवढा ग्रहाचा! २०१३ साली हे जाहीर झालं, तेव्हा तो आलेख मी पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. सुमारे ६४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचा रंग, तोही नुसत्या वजाबाकीतून.

आकार गुरूहून थोडा मोठा, हेही पक्कं. वाराही मोजलाय: २०१५ मध्ये, ग्रहाच्या हवेतल्या सोडियममुळे उजेडाच्या रंगपटात उमटणाऱ्या रेषा किती सरकल्या त्यावरून, सेकंदाला सुमारे २ किलोमीटर.

पाऊस मात्र कुणी पाहिलेला नाही. निळेपणा समुद्राचा नाही, हवेतल्या बारीक कणांमुळे निळा उजेड जास्त विखुरतो. ते कण सिलिकेटचे, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते त्या प्रकारच्या पदार्थाचे, असावेत असा अंदाज होता. त्याला हा वारा आणि हजारेक अंशांची उष्णता जोडली, की आडवा काचेचा पाऊस तयार.

मृगशीर्ष: त्या अंदाजाला आता बळ मिळालंय. २०२४ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत तिथल्या ढगांत क्वार्ट्झ, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, असल्याच्या खुणा दिसल्या. त्याच वर्षी हायड्रोजन सल्फाइडही सापडला, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. मुलांना हे फार आवडतं.

रंगपेटी: मग पाऊस गाळू का?

लुब्धक: गाळू नका, फक्त टपोरे थेंब नकोत. वाऱ्याबरोबर धावणारं बारीक धुकं दाखवा आणि खाली "कल्पना" असं लिहा. जमीन अजिबात काढू नका, हा वायूचा गोळा आहे. आणि आकाशातला तारा नारिंगी छटेचा, चांगला मोठा काढा. ग्रह त्याच्या इतका जवळ आहे, की आपल्याला सूर्य दिसतो त्याच्या पंचवीसेक पट रुंद तो तिथून दिसेल. हा आकडा मोजलेल्या अंतरावरूनच येतो, तेव्हा तिथे बिनधास्त रंग भरा.