गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना घरफाळ्यात सूट द्यावी का?

रंकाळाकाठ
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत निम्म्या गच्च्यांवर मेथी-कोथिंबीर होती. आता त्याच कुंड्यांत सिगारेटची थोटकं दिसतात. पुण्यात गांडूळखत, सोलर करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत मिळते. आपल्या कोल्हापूर महापालिकेनं गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना घरफाळ्यात तशी सूट द्यावी. पुढची साथ काय सांगून येणार आहे? साथीचं राहू दे, २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा भाजीचे काय हाल झाले ते आठवा.

वडणगेकर
दादा, लॉकडाऊनमध्ये भाजी कमी नव्हती, वाट बंद होती. आमच्या रानात कोबी फुटून चालला होता आणि शहरात लोक भाजीवाल्याची वाट बघत होते. शेवटी टेम्पो भरून कॉलनी-कॉलनीत फिरलो. तेव्हा गेटवर येऊन टाळ्या वाजवणारे आता पेंडीमागं पाच रुपयांसाठी हुज्जत घालत्यात. सूट राहू दे, प्रत्येक वॉर्डात आम्हाला बसायला जागा द्या.

हिशेबी
जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. चौघांचे झाले १ किलो ६०० ग्रॅम. रोज! दहा कुंड्यांत खर्ड्यापुरती मिरची निघंल.

राजारामपुरीची सून
@हिशेबी, भाऊ, कुंडीवर घर चालवायचं कोण म्हणतंय? माझा ओला कचरा घंटागाडीत जात नाही, हा फायदा आधी मोजा. मात्र महापुराचा दाखला मला पटला नाही. आपल्या आषाढ-श्रावणातल्या पावसात उघड्या गच्चीवरची मेथी कुजते. तेव्हा अळू तरतो, दोडका तरतो. दोडक्यालाही फळमाशी डंख मारते, मग तो तिथंच वाकडा होतो आणि चिरला की आत पांढऱ्या अळ्या. मी बोटाएवढा असतानाच त्याला कागदी पिशवी बांधते. एवढा खटाटोप सूट मिळते म्हणून कोणी करणार नाही. सूट मिळाली की लोक चार कुंड्या मांडून फोटो काढतील, बस्स.

पाडकाम-बांधकाम
एक चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे साधारण ५०० किलो. माणसांची ये-जा असलेली गच्ची धरतात चौरस मीटरला १५० किलोच्या हिशेबानं. पेठेतल्या जुन्या घरांचं तर बोलायलाच नको. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) मिसळा, कुंड्या तुळईवर ठेवा, वाफे करू नका. आधी इंजिनिअरला दाखवा, मग सूट मागा.

डासांचा वैरी
आणि कुंडीखालच्या ताटल्या? डेंग्यूचा डास आठवड्याभरात त्यात तयार होतो. एका साथीची तयारी करता करता दुसरी घरात आणाल. आठवड्यातून एकदा ताटल्या पुसून कोरड्या करा.

रंकाळाकाठ
वजन, डास मान्य. मग सूट तपासणीनंतरच द्या की. @वडणगेकर, तुमच्या बसायच्या जागेला माझा विरोध कुठाय? पण वाट पुन्हा बंद झाली तर तुम्ही तिकडं आणि आम्ही इकडं.

वडणगेकर
तर मग वाट उघडी ठेवायचं मागा. ते सोडून तुम्ही दोडक्यावर आलाय.

भाड्याची खोली
घरफाळ्याची सूट मालकाला. गच्चीला कुलूप मालकाचं. आमच्यासारख्यांनी वांगी कुठं लावायची, जिन्यात?

रंकाळाकाठ
महापालिकेच्या मोकळ्या जागा आहेत, त्यात वाफे वाटून द्यावेत.

राजारामपुरीची सून
जागा आहे हो. उन्हाळ्यात तिथं पाणी कोण घालणार, ते पण लिहा.