जुलैत इंग्लंड: यांची यादी आणि माझी यादी

विद्याताई:

मंडळी, नमस्कार.

जुलैत आम्ही दोघं इंग्लंडला चाललोय. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही लेस्टरला काढली. हे तिथे ज्युनिअर डॉक्टर होते, मी वॉर्डात नर्स. १९८३ च्या हिवाळ्यात टोरांटोला आलो आणि त्यानंतर हीथ्रोला विमान बदलण्यापलीकडे इंग्लंड काही पाहिलं नाही. धाकटे दीर अजून लेस्टरलाच आहेत, आता फारसं बाहेर पडवत नाही त्यांना. माझी वॉर्डातली मैत्रीण ऑक्सफर्डजवळ डिडकॉटला असते. चार दिवस मुलगाही येणार आहे, त्याचा जन्म तिथलाच, १९७९ चा.

यांनी यादी केली आहे: स्टोनहेंज, बाथ, यॉर्क, हेड्रियनची भिंत, विंडसर, लंडनचा टॉवर, शेक्सपिअरचं घर, शिवाय लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली महाराजांची वाघनखं. टॉवर यांनी तेव्हाच दोनदा पाहिलाय, तरी यादीत आहेच. माझ्या यादीत फक्त माणसं आहेत. दोन्ही याद्या जमवायच्या कशा? आणि कॅनडाच्या पासपोर्टवर आता व्हिसा लागतो म्हणतात, ते खरं का?

मनोज:

विद्याताई, तुम्हाला आणि काकांना व्हिसा नाही, ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन काढायची परवानगी) लागेल. कॅनडाच्या पासपोर्टला जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. सरकारी अ‍ॅपवरूनच काढा. गुगलवर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट्स मधल्यामध्ये दुप्पट पैसे उकळतात. एकदा मिळाली की दोन वर्षं चालते. (सासूबाई वगैरे कुणी भारतीय पासपोर्टवर येणार असतील तर मात्र पूर्वीसारखा व्हिजिटर व्हिसाच.)

खरी मेख तुमच्या मुलाची आहे. १ जानेवारी १९८३ च्या आधी तिथे जन्मलेलं मूल, आईवडील राजनैतिक अधिकारी नसतील तर, जन्मानेच ब्रिटिश नागरिक. त्याने कधी पासपोर्ट काढला नसला तरी. आणि ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळत नाही! २५ फेब्रुवारी २०२६ पासून दुहेरी नागरिकांना विमानात बसतानाच ब्रिटिश पासपोर्ट किंवा तिथे राहण्याच्या हक्काचा दाखला (सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट) मागतात. त्याला आजच जन्मदाखला शोधायला लावा, पहिला पासपोर्ट निघायला वेळ लागतो.

रेल्वेसाठी तुम्ही दोघं साठीच्या पुढचे, तेव्हा सीनिअर रेलकार्ड काढा. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, परदेशी माणसालाही.

शुभदा:

ताई, मैत्रीण डिडकॉटला आहे म्हणताय तर स्टोनहेंजचं नाव काढू नका! काकांना सांगा, तिथे नेहमीच्या तिकिटावर दगडांच्या मधे सोडतच नाहीत, दोरीच्या अलीकडून प्रदक्षिणा घालायची. त्यापेक्षा डिडकॉटहून गाडीने वाँटेजला जा, अर्धा तासही लागत नाही.

वाँटेज म्हणजे आल्फ्रेड राजाचं जन्मगाव, भर चौकात त्याचा पुतळा आहे. पण मी सांगतेय ते रमाबाईंसाठी. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या त्या इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन मठातल्या सिस्टर्सकडे. ओळख पुण्यातली. याच सिस्टर्स पंचहौद मिशनमध्ये काम करायच्या. हो, तेच पंचहौद, जिथल्या १८९० मधल्या चहा-बिस्किटांवरून पुढे टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण आलं. बाईंना वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि तो बेत सुटला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात केवढा गदारोळ झाला असेल! पण धर्म बदलला म्हणून बाईंनी मान तुकवली नाही. त्रैक्याचं तत्त्व (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) पटत नाही म्हणून याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून लांबच लांब वाद घातला. मला त्यांचं धर्मांतर जितकं आठवत नाही तितका तो वाद आठवतो. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेला.

मठ ही पर्यटनाची जागा नाही, आत डोकवायचं तर आधी कळवा. नुसतं गावातून फिरलात तरी चालेल. मग तसंच पुढे अफिंग्टनचा पांढरा घोडा: डोंगरउतारावर खडूने भरलेला, एकशे दहा मीटर लांब, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. ना कुंपण, ना तिकीट. काकांना जुनं हवंय ना? घ्या जुनं. मैत्रिणीलाही बरोबर न्या, गप्पा गाडीत होतील.

लेस्टरमध्ये तर तुम्ही इतिहासावरून रोज चालत होतात. राजा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत पडलेला, २०१२ मध्ये कौन्सिलच्या कार पार्कखाली सापडला. ओळख पटली ती त्याच्या बहिणीच्या मातृवंशातल्या मायकल इब्सेन यांच्या डीएनएवरून, आणि हे गृहस्थ मूळचे आपल्या कॅनडाचे! लंडनमध्ये सुतारकाम करतात, राजाची शवपेटीही त्यांनीच घडवली. मार्च २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा दफन केलं. दिरांना व्हीलचेअरवरून नेता येईल, कॅथीड्रल आणि रिचर्डचं म्युझियम समोरासमोरच आहेत.

अण्णा:

वाघनखं पाहायला लंडनला जाऊ नये. जुलै २०२४ पासून तीन वर्षांच्या बोलीवर ती महाराष्ट्रात आहेत. अफझलखानावर वापरलेली तीच, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या घराण्याकडून आली एवढं पक्कं.

लंडनला एक दिवस द्यायचाच असेल तर टॉवर सोडून हा द्या. सकाळी वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरून १० हाउली प्लेस. इंग्रज पत्रकार चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावायला गेलेले टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहिले. दावा हरले, खर्चाने बुडाले. तिथून चॉक फार्म, १० किंग हेन्रीज रोड. आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घर विकत घेतलं, आत जाता येतं, वेळ पाहून जावं. दम असेल तर हायगेटला ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचं तेव्हाचं वसतिगृह इंडिया हाउस, सावरकरांची पाटी. पहिल्या आणि शेवटच्या घरात लोक राहतात. पाटीचा फोटो काढावा आणि निघावं. आपल्यातलेच काही जण बेल वाजवतात, ते शोभत नाही.

हेड्रियनची भिंत उत्तर टोकाला. दोन आठवड्यांत नको.

विद्याताई:

सगळ्यांचे आभार. मनोज, तुझ्या मेलने घरात धावपळ उडाली! जन्मदाखला फाइलीत सापडला, चिरंजीवांनी अर्ज भरला. इतकी वर्षं ब्रिटिश आहोत हे त्याला माहीतच नव्हतं, आता भाव खातोय.

यांच्या यादीतली पाच नावं गेली. यॉर्कसाठी अजून भांडण चालू आहे, अण्णांनी तेवढं एकदा यांना फोन करावा. अण्णा म्हणतील ते हे ऐकतात. डिडकॉटच्या मैत्रिणीला वाँटेजचं कळवलं तर ती म्हणे, तिथे मी दर आठवड्याला बाजाराला जाते, आणि रमाबाई कोण? आता तिला सगळं सांगायचंय, शुभदा, तुझी मेलच भाषांतर करून पाठवते.

लेस्टर किंवा ऑक्सफर्डकडे कुणाला काही पाठवायचं असेल तर रविवारपर्यंत सांगा. दोन किलोंपर्यंत जागा आहे. चिवडा, लाडू चालतील. पेढे-बर्फी नको, दुधाचे पदार्थ इथून न्यायला तिकडे बंदी आहे. आणि तेलाचं लोणचं तर मुळीच नको.