शब्दचर्चा: 'एक्स-आन्टे इम्पॅक्ट असेसमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

सांजवेळ: युरोपीय आयोगाच्या 'होरायझन युरोप' या संशोधन कार्यक्रमावरचा लेख मराठीत करते आहे. २०२१ ते २०२७ साठी सुरुवातीला सुमारे ९५.५ अब्ज युरो ठरले, सगळा सार्वजनिक पैसा. तो मंजूर होण्याआधी, २०१८ मध्ये, यातून विज्ञानाला, अर्थव्यवस्थेला, समाजाला काय मिळेल हे आयोगानं मांडून दाखवलं. तेच हे असेसमेंट. मी 'पूर्वप्रभाव मूल्यमापन' लिहिलं. संपादक म्हणाले, हा तर आधी पडून गेलेला प्रभाव वाटतो. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. 'पूर्वतयारी' आधी करायची, 'पूर्वजन्म' मात्र होऊन गेलेला. काय करू?

करडई: 'आघात मूल्यांकन' आहे की. पर्यावरणाच्या कागदांत तोच शब्द असतो.

सांजवेळ: धरणाला, खाणीला ठीक. संशोधनाचा आघात कसा म्हणू?

ओसरी: 'परिणाम' घ्या. सांख्यांच्या मते दुधाचं दही होणं हा परिणाम, मूळ वस्तूच दुसऱ्या रूपात येते. संशोधनाचंही तसंच. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधत होते. त्यातलं गणित पुढे वाय-फायच्या कामी आलं. हे आधी कुणी लिहून दिलं असतं का? म्हणून मला 'मूल्यमापन'च खटकतं. जे अजून झालंच नाही त्याचं माप कसलं घेणार?

बांधावरून: मग सरळ 'अंदाज' म्हणा. माझे वडील तलाठी होते. पैसेवारी म्हणजे नेहमीच्या तुलनेत यंदा पीक किती आलं याचा सरकारी हिशेब. पीक उभं असताना 'नजर अंदाज पैसेवारी', मग 'सुधारित', शेवटी 'अंतिम'. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती. आधीचा, मधला आणि नंतरचा हिशेब, तिन्हींना आपल्याकडे शब्द आहेत. 'परिणाम अंदाज' हा शब्द शेतकऱ्यालाही कळेल.

निर्मळ: 'नजर' अरबी, 'अंदाज' फारसी. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'पूर्वानुमान' असताना उसना शब्द का?

सांजवेळ: 'पूर्वानुमान' वाचलं की मला हिंदी बातम्यांतलं हवामान आठवतं.

बांधावरून: 'अंदाजपत्रक' शब्दात फारसी आणि संस्कृत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदतात, कुणाचं अडलं नाही. अजमावणं, अजमास हेही फारसीतूनच आलेत. तेही काढून टाकायचे?

निर्मळ: रुळलेलं काढा असं म्हणत नाही. नवा शब्द घडवताना तरी आपल्या धातूंकडे आधी बघावं, एवढंच.

ओसरी: पैसेवारीची उपमा सुंदर आहे, पण नेमक्या जागी अडते. नजर अंदाजाला शेतात पीक तरी दिसतं. इथे पेरणीच व्हायचीय, बियाण्याला पैसे द्यावेत का तेच ठरतंय.

बांधावरून: मान्य. तरी पेरणीआधी शेतकरी अदमास बांधतोच ना? त्यावरच कर्ज उचलतो.

करडई: एक विचारू? पैसेवारी फक्त कागदावर. आमच्या गावात आजही 'आणेवारी'च म्हणतात, १९५७ ला दशमान नाणी आली तरी.

निर्मळ: आणेवारी म्हणजे सामाईक जमिनीतला हिस्सा. पिकाचा संबंध नाही.

करडई: आहे! 'यंदा आणेवारी किती लागली' हे मी लहानपणापासून ऐकतोय.

बांधावरून: दोन्ही अर्थ चालतात. वडील हिश्श्यालाही आणेवारी म्हणायचे आणि पिकालाही.

सांजवेळ: मी तूर्त 'संभाव्य परिणामांचा अंदाज' असं लिहून पाठवते. लांब आहे, पण कुणी अडखळणार नाही.

निर्मळ: पिकाच्या अर्थानं आणेवारी नेमकी कुठल्या जिल्ह्यात म्हणतात?