मदत हवी आहे: एल्डोराच्या मातीवरची ट्रक शर्यत, इतिहास नीट लावायचा आहे

ओहायोकर

मंडळी,

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात ओहायोतल्या जागांवर एक विभाग आहे. त्यात मी एल्डोरा स्पीडवेवर पूर्वी होणाऱ्या नास्कारच्या (अमेरिकेतली मोटार शर्यतींची संघटना) ट्रक शर्यतीबद्दल लिहायचं कबूल करून बसलोय. वाचकांना क्रिकेट कळतं, थोड्यांना फॉर्म्युला वन. माझं ज्ञान शेजारच्या आजोबांच्या टीव्हीपुरतं. ते एल्डोराचे जुने भक्त आहेत आणि बोलायला लागले की थांबत नाहीत, पण सन विचारला की "बरीच वर्षं झाली" एवढंच उत्तर.

माझ्याकडे जमलंय ते असं. एल्डोरा म्हणजे रॉसबर्गजवळ शेतांच्या मधोमध असलेला अर्ध्या मैलाचा मातीचा लंबगोल ट्रॅक. अर्ल बाल्टेस यांनी १९५४ मध्ये सुरू केला, २००४ मध्ये टोनी स्टुअर्ट या नास्कार विजेत्याने विकत घेतला. तिथे २०१३ ते २०१८ दर जुलैत, बुधवारी रात्री, आणि २०१९ ला ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, ट्रक मालिकेची शर्यत झाली. फेऱ्या १५०, म्हणजे जेमतेम १२० किलोमीटर. ट्रक म्हणजे आपला मालाचा ट्रक नव्हे. पिकअपचं रूप चढवलेली, आतून पूर्ण शर्यतीची गाडी.

विजेते: २०१३ ऑस्टिन डिलन, २०१४ डॅरेल (बब्बा) वॉलेस, २०१५ ख्रिस्तोफर बेल, २०१६ काइल लार्सन, २०१७ मॅट क्राफ्टन, २०१८ चेस ब्रिस्को, २०१९ स्टुअर्ट फ्रीसन.

आता अडलंय ते:

पहिल्या शर्यतीबद्दल सगळीकडे "१९७० नंतर प्रथमच" असं लिहिलेलं दिसतं. ट्रक मालिकाच मुळात १९९५ ला सुरू झाली, मग १९७० कुठून आलं?

मातीत वाढलेला ड्रायव्हरच इथे जिंकायचा, असं आजोबा ठासून सांगतात. खरं आहे का?

आणि इतकी गाजलेली शर्यत बंद का पडली?

जाणकारांनी कृपया सांगावं. अंकाचे संपादक रोज फोन करतायत.

डावं_वळण

१९७० चा हिशेब सोपा आहे. नास्कारच्या राष्ट्रीय पातळीवर तीन मालिका: सर्वात वरची कप, मग दुसऱ्या फळीची, मग ट्रक. यांतल्या कुठल्याही मालिकेची मातीवरची त्याआधीची शेवटची शर्यत ३० सप्टेंबर १९७० ला नॉर्थ कॅरोलायनात रॅलीच्या स्टेट फेअरग्राउंड्सवर झाली होती. ती कपची शर्यत, जिंकली रिचर्ड पेटीने. त्यानंतर सगळं डांबर आणि काँक्रीट. म्हणजे २०१३ मध्ये ट्रकवाले जवळजवळ ४३ वर्षांनी नास्कारला मातीवर परत घेऊन आले. लेखात "ट्रकची मातीवरची पहिली शर्यत" आणि "१९७० नंतर नास्कारची मातीवरची पहिली राष्ट्रीय शर्यत" ही दोन्ही वाक्यं चालतील, फक्त एकात एक मिसळू नका.

ट्रक मालिकेचा उगमही एका ओळीत टाका. कॅलिफोर्नियाकडच्या ऑफ-रोड शर्यतवाल्यांची ती कल्पना, आणि पहिली शर्यत ५ फेब्रुवारी १९९५ ला फीनिक्सला झाली. माइक स्किनर जिंकला आणि पहिल्या मोसमाचं विजेतेपदही त्यालाच मिळालं.

मातीमोल

आजोबांचं म्हणणं बरंचसं खरं, पूर्ण नाही. यादी बघा (स्प्रिंट, मिजेट, मॉडिफाइड, लेट मॉडेल हे शर्यतीच्या गाड्यांचे प्रकार). लार्सन आणि ब्रिस्को स्प्रिंट कारवाले, बेल मिजेट गाड्यांमधून आलेला, फ्रीसन कॅनडाचा आणि मातीवरच्या मॉडिफाइड गाड्यांत मुरलेला, डिलननेही मातीवर लेट मॉडेल चालवलेलं. उरले वॉलेस आणि क्राफ्टन. हे दोघे डांबरावरचे. सातातले दोन बाहेरचे, म्हणजे नियमाला जागा आहे आणि अपवादालाही.

पण माझ्या मते विजेत्यांपेक्षा हरलेले जास्त सांगून जातात. २०१४ मध्ये लार्सन वॉलेसच्या मागे असा काही लागला की भिंतीला घासत घासत शेवटी ट्रकच मोडून बसला. दोन वर्षांनी येऊन जिंकला. २०१५ मध्ये बॉबी पियर्स नावाचा इलिनॉयचा १८ वर्षांचा लेट मॉडेलवाला पोरगा नेहमीच्या मंडळींना मागे टाकून दुसरा आला. आणि २०१३ ला सर्वात पुढून सुरुवात कोणी केली? केन श्रेडरने, वयाच्या ५८ व्या वर्षी. नास्कारच्या राष्ट्रीय मालिकांत एवढ्या वयाचा पोल विजेता तोपर्यंत झाला नव्हता.

त्याच रात्रीचा नॉर्म बेनिंग सोडू नका, हात जोडून सांगतो. वय ६१, स्वतःचा छोटा संघ, पैशाची बोंब. मुख्य शर्यतीत घुसायची शेवटची संधी म्हणून जी पात्रता फेरी होती, तिच्या अखेरच्या फेऱ्यांत क्ले ग्रीनफील्ड त्याला मागून, बाजूने ठोकत होता. बेनिंगने शेवटची जागा सोडली नाही. प्रेक्षक उभे राहिले. डिलन जिंकला हे लोकांना आठवून सांगावं लागतं, बेनिंग आपोआप आठवतो.

ओहायोकर

वा! बेनिंगवर तर एक परिच्छेद होणारच. एक शंका: या शर्यतीत पिट स्टॉप, म्हणजे मध्येच थांबून टायर-इंधन घेणं, का नव्हतं? आणि आजोबा सारखं "कुशन, कुशन" म्हणतात ते काय?

मातीमोल

चालू शर्यतीत टायर बदलता येतील अशी नेहमीची पिट लेनच तिथे नाही. म्हणून २०१३ ला शर्यत ६०, ५० आणि ४० फेऱ्यांच्या तीन तुकड्यांत घेतली. मधल्या विश्रांतीत टायर, इंधन, काय ती जुळवाजुळव. डांबरावर पिटमध्ये चार जागा कमावणारे संघ इथे हात चोळत बसले.

कुशन म्हणजे चाकांनी उडवलेली सैल माती ट्रॅकच्या वरच्या कडेला साचून तयार होणारा वरंबा. मागचं उजवं चाक त्याला टेकवून वळण घेतलं की पकड मिळते. एक वीत वर गेलात की भिंत. वळणांचा उतार २४ अंशांच्या आसपास, त्यात हलक्या स्प्रिंट कारऐवजी दीड टनाचा ट्रक. ट्रॅक डावीकडे वळतोय, ट्रकचं तोंड आत, मागचा भाग बाहेर, आणि ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे धरून बसलेला. संध्याकाळी पाणी मारलेली माती चिकट असते, रात्र चढेल तशी सुकून गुळगुळीत होते. जो ही बदलती माती वाचतो तो पुढे.

डावं_वळण

बंद पडण्याबद्दल. २०२० ची शर्यत करोनामुळे रद्द झाली. २०२१ च्या वेळापत्रकात ट्रकना आयोवातलं नॉक्सव्हिल मिळालं, शिवाय ब्रिस्टलच्या काँक्रीटवर माती पसरून तिथेही शर्यत ठेवली. एल्डोरा यादीतून गेलं ते गेलंच. नॉक्सव्हिलला ऑस्टिन हिल (२०२१) आणि टॉड गिलिलँड (२०२२) जिंकले, मग तेही थांबलं. ब्रिस्टलची माती २०२३ पर्यंत टिकली. २०२४ ला ट्रक मालिकेत मातीवरची एकही शर्यत नव्हती. हिरीरीने मत मांडायचंच तर मी म्हणेन की आख्ख्या ब्रिस्टलवर माती ओतण्यापेक्षा मातीच्या मूळ घरी जाणं शहाणपणाचं होतं.

२०१८ चा शेवट जरूर लिहा. ब्रिस्को आणि ग्रँट एन्फिंगर, दोघे एकाच संघाचे, शेवटच्या वळणातून एकमेकांना घासत आले आणि फरक पडला ०.०३८ सेकंदाचा. दोघांनीही संघमालकाचा विचार केला असेल असं वाटत नाही.

ओहायोकर

खूप आभार. संपादकांना आज रात्री मजकूर देतो. आजोबा म्हणतात लेख लिहिण्याआधी एकदा ट्रॅक बघ. ट्रक नाहीत, मग जाऊन काय बघू?

मातीमोल

सप्टेंबरात वर्ल्ड १०० ला जा. लेट मॉडेलची शर्यत, १९७१ पासून तिथेच होते. स्प्रिंट कार हव्या असतील तर जुलैत किंग्ज रॉयल. वळणाबाहेरच्या खालच्या रांगा टाळा, मातीची ढेकळं थेट अंगावर येतात. कानात बोळे घाला, आणि पांढरा शर्ट घरीच ठेवा.