मदत हवी आहे: मीडिया सर्व्हरची ओएस नव्याने टाकू का?

नमस्कार मंडळी. जुन्या डेस्कटॉपवर (इंटेल, सातवी पिढी, ८ जीबी रॅम) उबंटू ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून जेलीफिन, म्हणजे घरातले सिनेमे टीव्हीवर दाखवणारा मीडिया सर्व्हर, चालवतो. गेल्या आठवड्यात ओएस अपग्रेड करताना मीच मध्ये मशीन बंद केलं. शहाणपणा! तेव्हापासून १०-बिट एचईव्हीसी (नव्या, जास्त दाबलेल्या व्हिडिओ प्रकारच्या) फाइली टीव्हीवर अडखळतात, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो. जुन्या एच.२६४ प्रकारच्या फाइली सुरळीत चालतात. म्हणजे ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा प्रकारात बदलणं) ग्राफिक्स चिपऐवजी सीपीयूवर पडतंय ना? जेलीफिनचा युजर रेंडर ग्रुपमध्ये (ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेल्या गटात) आहे, ते तपासलं.

आता ओएस पुन्हा टाकावी की नुसते ड्रायव्हर टाकून भागेल? सिनेमे वेगळ्या डिस्कवर आहेत, त्यांची चिंता नाही. पण 'व्हार-लिब' (डेटा) आणि 'इटीसी' (सेटिंग) या सिस्टिमच्या फोल्डरांमधले जेलीफिनचे फोल्डर कॉपी केले तर पाहिल्याच्या नोंदी परत येतील का? आईच्या मालिका कुठवर पाहून झाल्या हे पुसलं गेलं, तर माझी खैर नाही.