नेत्रावळकरने कोहलीला बाद केलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही?

शिवाजीपार्ककर
१२ जून २०२४, न्यूयॉर्क. टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेच्या सौरभ नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं, मग रोहितला ३ धावांवर. आमच्याकडे भावाने टाळ्या वाजवल्या आणि बाबा भडकले, "आपल्याच विरुद्ध खेळतोय, टाळ्या कसल्या?" मला बाबांचं पटतं. हा मुलगा २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलाय. मुंबईच्या मैदानांनी त्याला घडवलं. नोकरीसाठी परदेशी जाणं वेगळं, देशाची जर्सी बदलणं वेगळं. तुम्हाला काय वाटतं?

न्यूजर्सीकर
पूर्ण असहमत. मुंबईकडून त्याला रणजीचा एक सामना मिळाला, २०१३ मध्ये. पुढचं दार उघडेना, तेव्हा २०१५ मध्ये तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला. आज ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर आहे. २०१२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघातला हरमीत सिंगही आता अमेरिकेचाच. इथे ज्यांना जागा नव्हती, त्यांनी तिथे खेळू नये? मग त्यांनी हातातला चेंडू कायमचा ठेवून द्यायचा का?

सकाळची धावपटू
क्रिकेटपुरतं बघू नका. केनियाचा स्टीफन चेरोनो ऑगस्ट २००३ मध्ये कतारचा झाला, नाव घेतलं सैफ सईद शाहीन. काही आठवड्यांत पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) सुवर्ण कतारच्या नावावर. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता! पुढे केनियाने परवानगी नाकारली आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला तो मुकला. मला केनियाचं बरोबर वाटतं. वर्षानुवर्षं एका देशात राहून, काम करून तिथला होणं आणि पदकासाठी रातोरात पासपोर्ट मिळणं, यांना एका मापाने मोजू नका.

शिवाजीपार्ककर
हेच तर म्हणतोय! निष्ठेला किंमत द्यावी लागते. इझुमी अराता बघा. वडील गुजराती, आई जपानी, वाढला जपानमध्ये. पुणे एफसी या फुटबॉल क्लबकडून खेळायचा. भारताकडून खेळता यावं म्हणून २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडलं.

मडगावकर
सोडावं लागलं, कारण आपण दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. २००८ पासून भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताकडून खेळताच येत नाही. गोव्यात हे घराघरातलं दुखणं आहे. १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. माझ्या भाच्याने ब्रेक्झिटच्या आधी, ब्रिटन युरोपीय संघात होता तेव्हा, लंडनच्या नोकरीसाठी ते घेतलं. फुटबॉल चांगला खेळायचा. पोटासाठी सही केली आणि भारताची जर्सी त्याच सहीने गेली. त्याची निष्ठा कमी होती, असं माझ्या बहिणीसमोर म्हणून दाखवा.

शिवाजीपार्ककर
भाच्याबद्दल तसं म्हणणार नाही. त्याने आपल्याविरुद्ध चेंडू टाकलेला नाही.

न्यूजर्सीकर
मग एवढंच सांगा. कोहलीच्या विकेटच्या सहाच दिवस आधी, ६ जूनला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्धची बरोबरी फोडायला याच सौरभने सुपर ओव्हर टाकली. पाकिस्तानला १९ हव्या होत्या, त्याने १३ च दिल्या. तेव्हा तुमच्या बाबांनी काय केलं?

शिवाजीपार्ककर
टाळ्या वाजवल्या. "आपला सौरभ" म्हणाले. ते खरंच डोक्यातून गेलं होतं. तरी कोहलीची ती विकेट मला अजून बोचते, खोटं कशाला बोलू.